मिकी मँटल: बॅटिंग दोन्ही बाजूंनी, भार मात्र उजव्या अंगावर

मिकी मँटलबद्दल दोन गोष्टी नेहमी वेगवेगळ्या सांगितल्या जातात. एक म्हणजे तो बेसबॉलमधला आजवरचा सगळ्यात भारी स्विच हिटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा, आणि दुसरी म्हणजे दुखापतींनी वाट लावली नसती तर तो कुठच्या कुठे गेला असता. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून फारसं कुणी बघत नाही आणि माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. मँटल मूळचा उजवा. उजव्या बाजूने त्याचं ॲव्हरेज (हजार प्रयत्नांत यशस्वी फटके किती, .३०० म्हणजे हजारात तीनशे) डाव्यापेक्षा जवळपास पन्नास पॉइंटने चांगलं. तरी करिअरभर तो जास्त वेळा डाव्या बाजूनेच उभा राहिला, कारण समोरचे बहुतेक पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, उजव्या हाताचे. आणि त्याच्या दोन सगळ्यात वाईट दुखापती, १९५१ चा गुडघा आणि १९५७ चा खांदा, दोन्ही उजव्या अंगाच्या, म्हणजे डाव्या बाजूने बॅटिंग करताना जो पाय आणि जो खांदा पिचरच्या दिशेला पुढे येतो, ज्याच्यावर अख्खा स्विंग तोलला जातो, नेमका तोच. ज्या बाजूने जास्त खेळायला लागायचं तीच बाजू जास्त दुखायची. त्याचं करिअर मी या नजरेने मांडतोय.

आधी क्रिकेटवाल्यांसाठी थोडं, कारण आपल्याकडे स्विच हिट म्हटलं की केविन पीटरसनच आठवतो, २००८ मध्ये न्यूझीलंडच्या स्कॉट स्टायरिसला बॉल सुटायच्या आधी स्टान्स उलटा करून मारलेले सिक्स. बेसबॉलमधला प्रकार वेगळा आहे. तिथे प्लेटच्या (बॅटिंगच्या जागी जमिनीवर बसवलेल्या पाटीच्या) दोन्ही बाजूंना बॅटरसाठी आखलेले चौकोन असतात आणि पिचर कुठल्या हाताचा आहे ते बघून तुम्ही आधीच त्याच्या उलट्या चौकोनात जाऊन उभे राहता, पिचर उजवा तर तुम्ही डावे, तो डावा तर तुम्ही उजवे. पिचर टाकायच्या तयारीत उभा राहिल्यावर या चौकोनातून त्या चौकोनात उडी मारलीत तर सरळ आउट. त्यामुळे ही ऐनवेळची करामत नाही, दोन पूर्ण वेगळे स्विंग वर्षानुवर्षं सांभाळायचं काम आहे.

फायदा का होतो तर बॉल कुठे वळतो त्यामुळे. उजव्या पिचरचा कर्व्हबॉल उजव्या बॅटरपासून लांब पळतो, आपल्याकडे लेगस्पिनरचा बॉल उजव्या बॅट्समनच्या बाहेर जातो ना, तसंच. डाव्या बाजूने उभं राहिलं की तोच बॉल आत येतो आणि पिचरच्या हातातून सुटतानाही नीट दिसतो. शिवाय डावा चौकोन फर्स्ट बेसच्या, म्हणजे फटका मारून पळत गाठायच्या पहिल्या टप्प्याच्या, एकदोन पावलं जवळ, पळणाऱ्याला तेवढं पुरतं. तोटा असा की डावे पिचर कमी, त्यामुळे उजव्या बाजूचा स्विंग कधीकधी आठवडाभर धूळ खात पडतो आणि मग अचानक एका मॅचमध्ये तो लागतो.

मँटलचा जन्म २० ऑक्टोबर १९३१ चा, ओक्लाहोमातल्या स्पॅव्हिनॉ गावचा, पण वाढला कॉमर्समध्ये. तो सगळा शिसं आणि जस्ताच्या खाणींचा पट्टा. वडील एल्विन, सगळे त्यांना मट म्हणायचे, खाणीत कामाला. मट स्वतः बेसबॉलवेडे, पोराचं नावच त्यांनी मिकी कॉक्रेन या कॅचरवरून (आपल्या विकेटकीपरसारखा) ठेवलं. आणि त्यांनी एक गोष्ट फार लवकर हेरली होती, की पुढे मॅनेजर लोक पिचरचा हात बघून बॅटर बदलत जाणार, त्याला प्लाटून म्हणतात, आणि मग एकाच बाजूने खेळणारा अर्धा वेळ बाकावर बसणार. दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्याला मात्र कुणी बसवू शकत नाही. खाणीत राबणाऱ्या माणसाने तीसच्या दशकात एवढा पुढचा विचार केला याचं मला खरंच कौतुक वाटतं, कारण पुढे मुलाला जो मॅनेजर मिळाला तो केसी स्टेंगल म्हणजे प्लाटूनचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता.

प्रॅक्टिस घराशेजारच्या पत्र्याच्या शेडसमोर. पोरगं शेडकडे पाठ करून उभं, वडील उजव्या हाताने टाकायचे तेव्हा त्याने डावीकडून मारायचं, आजोबा चार्ली डावखुरे, ते टाकायला लागले की बाजू बदलून उजवीकडून. घराची भिंत, छप्पर, छपराच्या पलीकडे, प्रत्येकाला ठरलेले मार्क, घरावरून गेला की होम रन, म्हणजे आपल्या सिक्ससारखा. मट खाणीतून शिफ्ट संपवून आले की हे सुरू व्हायचं आणि अंधार पडेपर्यंत चालायचं, जेवणाची हाक आली तरी थांबायचं नाही. ती शेड नंतरही कित्येक वर्षं उभी होती, पत्र्यावर बॉलचे पोचे दिसायचे. पोराला डावीकडून खेळणं सुरुवातीला अजिबात आवडायचं नाही, साहजिक आहे, उजव्या मुलाला उलटा स्विंग म्हणजे शिक्षाच. पण मटने सोडलं नाही. या घरात बेसबॉल हा छंद नव्हता, खाणीबाहेर पडायचा तो एकच रस्ता होता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या माणसाचा हट्ट कळत नाही.

शाळेत असताना, १९४६ मध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या प्रॅक्टिसमध्ये कुणाचा तरी पाय डाव्या नडगीवर बसला आणि त्यातून हाडाचा संसर्ग झाला, ऑस्टिओमायलायटिस. पाय कापायची वेळ आली होती. पेनिसिलिन तेव्हा नुकतंच मिळायला लागलेलं, त्याने पाय वाचला. पण हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो म्हणून पुढे लष्कराने त्याला भरतीसाठी अपात्र ठरवलं, आणि कोरियाच्या युद्धाच्या काळात एवढा धडधाकट दिसणारा पोरगा मैदानात पळतोय आणि सैन्यात नाही म्हणून लोक त्याला हुर्यो करायचे. म्हणजे डावा पाय आधीच कमकुवत, आणि हे सगळं व्हायच्या आत झालेलं.

१९४९ मध्ये टॉम ग्रीनवेड नावाच्या स्काउटने (खेळाडू हेरणाऱ्याने) त्याला न्यूयॉर्कच्या यँकीज टीमसाठी घेतलं, सगळे मिळून दीड हजार डॉलरच्या आसपास. पुढच्या वर्षी खालच्या लीगमधल्या जॉप्लिनच्या टीमकडून त्याने .३८३ ने बॅटिंग केली, २६ होम रन मारले, आणि शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये) उभं राहून ५५ एरर, म्हणजे फिल्डिंगमधल्या चुका, पण केल्या, म्हणून त्याला नंतर आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, हलवलं ते बरंच झालं. १९५१ ला एकोणीस वर्षांचा पोरगा थेट यँकीजमध्ये. जर्सी दिली ६ नंबरची, कारण यँकीजचे दिग्गज बेब रूथ ३, लू गेरिग ४, डिमॅजिओ ५, आता हा ६. एवढं ओझं त्या वयात. धडाधड स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) व्हायला लागला आणि जुलैमध्ये त्याला खालच्या लीगमधल्या कॅन्सस सिटीच्या टीमकडे पाठवलं. तिथेही जमेना, त्याने घरी फोन केला की मला नाही जमत. मट गाडी घेऊन तिकडे पोचले आणि समजूत घालायच्या ऐवजी त्याची बॅग भरायला लागले, मला वाटलं होतं मी मर्द वाढवला, चल घरी, माझ्याबरोबर खाणीत काम कर, अशा अर्थाचं बोलले. त्यानंतर पोराने कॅन्सस सिटीत ४० मॅचमध्ये .३६१ आणि ११ होम रन मारले, ऑगस्टमध्ये परत न्यूयॉर्कला, या वेळी जर्सी ७ नंबरची, जी पुढे त्याचीच झाली.

आता ५ ऑक्टोबर १९५१. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे सीझनच्या शेवटच्या फायनल सिरीजची, दुसरी मॅच, समोर न्यूयॉर्क जायंट्स. विली मेजने उजव्या आणि मधल्या आउटफिल्डच्या मध्ये उंच बॉल मारला. मँटल राइट फिल्डला, डिमॅजिओ सेंटरला. स्टेंगलने पोराला सांगून ठेवलेलं की डिमॅजिओच्या टाचा दुखतात, जमेल तो बॉल तू घे. म्हणून तो जिवाच्या आकांताने पळाला, शेवटच्या क्षणी डिमॅजिओचा आवाज आला की बॉल माझा, हा थांबायला गेला आणि बुटाचा खिळा गवतातल्या ड्रेनच्या झाकणात अडकला. उजवा गुडघा जागेवर पिळला गेला. तो तिथेच कोसळला, स्ट्रेचरवरून नेला. तेव्हा एमआरआय नाही, लिगामेंट जोडायची आजच्यासारखी सर्जरी नाही, त्यामुळे आत नेमकं काय काय फाटलं ते तेव्हा कुणालाच नीट बघता आलं नाही. नंतरच्या लोकांचा अंदाज असा की पुढचं लिगामेंट तेव्हाच गेलं असणार, आणि तसं असेल तर उरलेली सतरा वर्षं तो त्याशिवाय खेळला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलसमोर टॅक्सीतून उतरताना त्याने वडिलांच्या खांद्यावर भार टाकला आणि मट फुटपाथवर कोसळले. पोराला वाटलं आपल्या वजनाने पडले. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, हॉजकिन्स, म्हणजे लिंफ ग्रंथींचा कॅन्सर, आणि बराच पुढे गेलेला. बापलेकांनी उरलेली सिरीज हॉस्पिटलमध्ये एकमेकांशेजारी पडून बघितली. मे १९५२ मध्ये मट गेले, चाळिशीच्या आसपासच. ज्या माणसाने हा दोन बाजूंचा खेळाडू घडवला त्याने त्याचा एकच सीझन बघितला, तोही खाली पाठवल्याचा आणि गुडघा गेल्याचा. मला या करिअरमधली सगळ्यात अन्यायाची गोष्ट हीच वाटते, गुडघ्यापेक्षाही.

पुढची वर्षं मात्र अशी की आकडे वाचून आजही अंगावर काटा येतो. १७ एप्रिल १९५३, वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम, पिचर चक स्टॉब्स, डावखुरा, म्हणून मँटल उजव्या बाजूने. बॉल लेफ्ट फिल्डच्या स्टँडवरून, एका बियरच्या जाहिरातीच्या फलकाला चाटून, स्टेडियमबाहेर एका घराच्या अंगणात. यँकीजच्या पब्लिसिटीच्या माणसाने जाऊन अंतर काढलं ते ५६५ फूट. बॉल जिथे सापडला तिथपर्यंतचं ते अंतर, हवेतून एवढा गेला नसणार, त्यावर वाद आहेत आणि ते योग्यच आहेत, पण लांबच लांब होम रन फुटांत मोजून सांगायची पद्धत त्या दिवसापासून रुजली. १३ मे १९५५ ला डेट्रॉइटविरुद्ध तीन होम रन, त्यातले दोन डावीकडून, एक उजवीकडून. एकाच मॅचमध्ये दोन्ही बाजूंनी मारायची त्याची ती पहिलीच वेळ, आणि करिअरमध्ये असं त्याने १० वेळा केलं.

१९५६ तर विचारूच नका. .३५३, ५२ होम रन, १३० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेले रन), तिन्हीत सगळ्या मेजर लीग्जमध्ये पहिला. आपल्या लीगमध्ये तिन्हीत पहिलं येणं याला ट्रिपल क्राउन म्हणतात आणि स्विच हिटरने तो जिंकल्याचं हे आजपर्यंतचं एकमेव उदाहरण. १९५७ ला .३६५. दोन्ही वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याआधी स्विच हिटर म्हणजे साधारणपणे बारीक, चपळ, बॉल जमिनीवरून ढकलून पळणारा माणूस अशी समजूत होती, मँटलने ती मोडून काढली. आणि गंमत म्हणजे पळण्यातही तो कुणाला ऐकायचा नाही, डावीकडून बंट सोडून (बॉल हळूच पुढे ढकलून) फर्स्ट बेसला पोचायचा, खराब गुडघ्यासकट.

आता दोन बाजूंचं गणित, कारण प्रकरणाचं मूळ इथे आहे. करिअर ॲव्हरेज .२९८. उजवीकडून साधारण .३३०, डावीकडून साधारण .२८१. या तीन आकड्यांवरून स्वतः मांडून बघा, उजवीकडून जेमतेम एक तृतीयांश ॲट-बॅट (बॅटिंगच्या खेपा) येतात, बाकी दोन तृतीयांश डावीकडून. होम रन ५३६, त्यातले ३७२ डावीकडून आणि १६४ उजवीकडून, म्हणजे डाव्या बाजूचा वाटा जवळपास ६९ टक्के, ॲट-बॅटच्या वाट्यापेक्षा थोडा जास्तच. मग डावीकडे ताकद जास्त होती का? मला तसं वाटत नाही. त्या वेळचं यँकी स्टेडियम आठवा. राइट फिल्डच्या रेषेवर भिंत फक्त २९६ फुटांवर, आणि डाव्या-मधल्या बाजूला ४५७ फुटांवर, त्या भागाला लोक डेथ व्हॅलीच म्हणायचे. डाव्या बॅटरने जोरात ओढलेला बॉल जवळच्या भिंतीवरून जातो, उजव्या बॅटरने तितकाच जोरात मारलेला बॉल त्या मैदानात कुणीतरी आरामात झेलतो. दुसऱ्या एखाद्या टीमच्या घरच्या मैदानावर त्याचे उजव्या बाजूचे आकडे कसे दिसले असते हा विचार मला कायम सतावतो.

म्हणजे डावीकडून खेळायला तीन सबळ कारणं होती, उजवे पिचर जास्त, भिंत जवळ, फर्स्ट बेस जवळ. आणि शरीर मात्र उलट सांगत होतं. स्विंग करताना मागच्या पायावरून वजन पुढच्या पायावर येतं आणि तो पुढचा पाय खुंट्यासारखा घट्ट राहिला तरच कंबर फिरते. डावीकडून उभं राहिल्यावर पुढचा पाय उजवा, तो १९५१ वाला. बॉलला बॅट लागली तर ठीक, ती ताकद बॉलमध्ये निघून जाते, पण मँटल अर्धवट स्विंग करणाऱ्यातला नव्हता, चुकला की अख्खं अंग गरकन फिरायचं आणि सगळा पीळ त्या गुडघ्यात. करिअरमध्ये १,७१० स्ट्राइकआउट आहेत त्याचे, त्यात चुकलेले स्विंग किती असतील आणि त्यातले किती डावीकडून, विचार करा.

मग १९५७. परत वर्ल्ड सिरीज, परत तारीख ५ ऑक्टोबर, बरोब्बर सहा वर्षांनी. मिलवॉकीविरुद्ध तिसरी मॅच, मँटल सेकंड बेसवर, पिचर बॉब ब्यूलने त्याला टिपायला बॉल फेकला तो भरकटला, आणि बॉलसाठी झेपावलेला रेड शेंडिन्स्ट मँटलच्या उजव्या खांद्यावर येऊन पडला. शेंडिन्स्टही स्विच हिटर. मॅच यँकीजने जिंकली, पण तो खांदा परत कधीच पूर्ण बरा झाला नाही. थ्रो पहिल्यासारखा राहिला नाही हे तर सगळ्यांना दिसलं, पण डावीकडून बॅट फिरवताना तोच खांदा पुढे असतो आणि स्विंग तिथूनच ओढला जातो, त्यामुळे डावा स्विंग कायमचा दुखरा झाला, वर आलेल्या बॉलवर तर जास्तच. उजवीकडून खेळताना हाच खांदा मागे, तिथे त्रास कमी. १९५६ आणि ५७ च्या ॲव्हरेजच्या जवळपासही तो नंतर कधी गेला नाही. लोक त्याचं खापर दारूवर आणि रात्रीच्या जागरणांवर फोडतात, त्यात तथ्य आहे आणि पुढे त्यावर येतोच, पण खांद्याचा हिशोब आधी मांडायला हवा असं माझं मत.

मग प्रश्न येतो, सरळ उजवीकडूनच का नाही खेळला? हा प्रश्न जितका सोपा वाटतो तितका नाही. लहानपणापासून त्याने उजव्या पिचरचा बॉल उजवीकडून उभं राहून जवळजवळ बघितलाच नव्हता. बाहेर पळणारा कर्व्हबॉल सोडायचा कधी, मारायचा कधी, हे डोळ्यांना हजारो बॉल बघून कळतं, ते त्याच्या खात्यात जवळपास शून्य. .३३० हे ॲव्हरेज डाव्या पिचरविरुद्धचं आहे, म्हणजे त्याच्या सोयीच्या पिचरविरुद्धचं, ते उचलून उजव्या पिचरविरुद्ध लावता येत नाही. आकडे बघून "उजवाच राहिला असता तर" म्हणणारे इथे घसरतात.

यासाठी सेड्रिक मलिन्सचं उदाहरण घ्या. तेव्हा बाल्टिमोरकडून खेळणारा हा खेळाडू स्विच हिटर होता, २०२१ च्या सीझनला त्याने उजवी बाजू सोडून दिली आणि फक्त डावीकडून खेळायला लागला, त्याच वर्षी ३० होम रन आणि ३० स्टील्स (पळून चोरलेले बेस), आणि ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड. लोक म्हणाले बघा, सोडलं की जमलं. पण मलिन्स मूळचा डावखुरा, त्याने सोडली ती कमी लागणारी बाजू. मँटलला सोडावी लागली असती ती दोन तृतीयांश लागणारी बाजू, तीही उजव्या पिचरला उजवीकडून खेळणं नव्याने शिकत, तीही यँकीजसाठी, जिथे जवळपास दर ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीज ठरलेली. कुठलाच मॅनेजर ते करू देणार नाही आणि मला विचाराल तर करूही नये.

त्याऐवजी त्याने काय केलं तर पट्ट्या. दर मॅचच्या आधी लॉकर रूममध्ये बसून मांडीपासून खाली इलॅस्टिक बँडेज गुंडाळायची, सावकाश, एकावर एक थर, घट्ट, मग त्यावर मोजे, त्यावर पँट. दुसऱ्या टीमचे खेळाडू ऑल-स्टार मॅचला त्याच्या बाजूला बसून हे बघायचे आणि गप्प व्हायचे. १९६१ ला त्याचा आणि त्याच्याच टीममधल्या रॉजर मॅरिसचा रूथच्या एका सीझनमधल्या ६० होम रनचा पाठलाग चालू होता, सप्टेंबरमध्ये एका इंजेक्शनची जागा पिकली, कमरेच्या खाली खोल गळू झालं, कापून काढावं लागलं. मँटल ५४ वर थांबला, मॅरिसने ६१ मारले. त्या वर्ल्ड सिरीजमध्ये जखम उघडी असताना तो सिनसिनाटीत खेळायला उतरला, हिट मारली, आणि पँटमधून रक्त बाहेर आलेलं सगळ्यांनी बघितलं, मग त्याला बाहेर काढलं. हे शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या बापाने त्याची बॅग भरायला घेतली होती तो माणूस "मला दुखतंय" म्हणून बसून राहणं अवघडच होतं.

१९६२ ला तिसरा एमव्हीपी. २२ मे १९६३ ला कॅन्सस सिटीच्या बिल फिशरला डावीकडून मारलेला बॉल यँकी स्टेडियमच्या छताच्या कडेला असलेल्या झालरीवर जाऊन आपटला, थोडक्यात स्टेडियमबाहेर जायचा राहिला, आणि त्याच्या मते त्याने मारलेला सगळ्यात कडक बॉल तोच. दोनच आठवड्यांनी बाल्टिमोरमध्ये कुंपणाच्या जाळीत पाय अडकून डाव्या पायाचं हाड मोडलं, सीझनमध्ये फक्त ६५ मॅच.

१९६४ हे वर्ष माझ्या मुद्द्यासाठी सगळ्यात बोलकं. एकूण .३०३, ३५ होम रन, १११ आरबीआय, कागदावर मस्त. पण आत डोकावलं तर उजवीकडून ॲव्हरेज चारशेच्या पुढे आणि डावीकडून अडीचशेच्याही खाली. एकच माणूस, एकच डोकं, एकच सीझन, आणि दोन बाजूंमध्ये एवढी दरी. ते डोळ्यांचं किंवा वयाचं असतं तर दोन्हीकडे दिसलं असतं. आणि तरी त्याच ऑक्टोबरला सेंट लुईसविरुद्ध तिसऱ्या मॅचच्या नवव्या इनिंगला, स्कोअर १-१, बार्नी शुल्ट्झचा पहिलाच नकलबॉल (न फिरता डगमगत येणारा बॉल) त्याने डावीकडूनच राइट फिल्डच्या वरच्या मजल्यात टाकला आणि मॅच संपवली. शुल्ट्झ उजव्या हाताचा, दुसरा पर्याय नव्हताच. तो त्याचा वर्ल्ड सिरीजमधला १६ वा होम रन, रूथचे १५ मागे पडले, आणि त्याच सिरीजमध्ये आकडा १८ वर गेला जो अजून कुणी मोडलेला नाही.

शेवटची चार वर्षं मी पटकन उरकतो कारण बघवत नाहीत. १९६५ ला .२५५, मधलं ६६ बरं, मग .२४५, .२३७. शेवटची दोन वर्षं पळणं कमी म्हणून फर्स्ट बेसला उभा. यातच करिअर ॲव्हरेज .३०० च्या खाली घसरून .२९८ झालं आणि ती गोष्ट त्याला मरेपर्यंत लागून राहिली. मला विचाराल तर त्याने स्वतःला उगाच त्रास करून घेतला, १९६८ हे पिचरांचं वर्ष होतं, अमेरिकन लीगमध्ये यास्ट्रेम्स्कीने .३०१ वर बॅटिंग टायटल जिंकलं, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये तीनशेच्या वर एकच माणूस. मँटलने त्या वर्षी १०६ वॉक (चार बाहेरचे बॉल पडल्यावर फुकट मिळणारा फर्स्ट बेस) काढले, पिचर अजून त्याला घाबरत होते. त्या सप्टेंबरला डेट्रॉइटच्या डेनी मॅक्लेनने त्याला विचारून, हवा तिथे, सोपा बॉल टाकला आणि मँटलने ५३५ वा होम रन मारला, जिमी फॉक्सला मागे टाकलं. दुसऱ्याच दिवशी ५३६ वा, तो शेवटचा. १ मार्च १९६९ ला रिटायरमेंट.

दारूबद्दल. ते टाळून हे प्रकरण पूर्ण होत नाही. घरातले पुरुष तरुणपणीच जातात हे त्याने बघितलेलं, वडील, काका, आणि आपणही चाळिशी गाठणार नाही असं धरूनच तो जगला. खेळत असताना प्यायचा, रिटायर झाल्यावर आणखी. १९९४ च्या सुरुवातीला तो व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला, त्याच वर्षी मुलगा बिली गेला, त्यालाही हॉजकिन्स झाला होता. जून १९९५ मध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट, पण कॅन्सर पसरलेला. जुलैमध्ये डॅलसला पत्रकारांसमोर येऊन, खंगलेला, कपडे अंगावर लोंबणारे, त्याने मुलांना उद्देशून स्वच्छ सांगितलं की माझ्यासारखे होऊ नका, आणि अवयवदानाबद्दल बोलला. १३ ऑगस्ट १९९५ ला वारला, ६३ व्या वर्षी. तेव्हा दारूने त्याची शेवटची वर्षं खराब केली का, नक्कीच. पण दारूमुळे दोन्ही बाजू सारख्या खराब व्हायला हव्या होत्या. १९६४ चे आकडे तसं सांगत नाहीत.

त्याचा एका सीझनमधल्या ५४ होम रनचा स्विच हिटरचा रेकॉर्ड ६४ वर्षं टिकला, २०२५ मध्ये सिॲटलच्या कॅल रॅलीने तो मोडला आणि ६० पर्यंत गेला, तोही कॅचर असून, म्हणजे अर्धी मॅच गुडघ्यांवर बसून. त्याच उन्हाळ्यात होम रन डर्बी, म्हणजे होम रन मारायची स्पर्धा, जिंकताना त्याला बॉल टाकत होते त्याचे वडील, आणि तिथेही त्याने दोन्ही बाजूंनी मारले. करिअरचा ५३६ मात्र स्विच हिटरांमध्ये अजून पहिला, मागे एडी मरे ५०४, मग चिपर जोन्स ४६८. यातला चिपर मला या प्रकरणासाठी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याचे वडील मँटलचे जबरदस्त फॅन, म्हणूनच त्यांनी फ्लोरिडातल्या घरामागच्या अंगणात पोराला लहानपणापासून दोन्ही बाजूंनी खेळायला लावलं, टेनिस बॉल टाकून. गुडघे त्याचेही गेले, डाव्या गुडघ्याचं लिगामेंट दोनदा फाटलं, पण दोन्ही वेळा ते सर्जरीने नीट जोडून मिळालं आणि तो परत उभा राहिला. करिअर संपलं तेव्हा त्याचं ॲव्हरेज डावीकडून .३०३ आणि उजवीकडून .३०४.